मोगऱ्याची पानं पिवळी पडली? आधी कुंडी उपडी करा

आज पनवेलहून, आमच्या बाल्कनीतूनच रेकॉर्ड करतोय. त्यामुळे मध्येच टँकरचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. उन्हाळ्यात तो आमच्या सोसायटीचा मेंबरच असतो.

आजचा विषय एका झाडाचा आहे. मोगरा. कुंडीतला, ऐन कळ्यांवर आलेला, आणि पिवळा पडत चाललेला.

आधी हे झाड आमच्यासाठी साधं का नाही ते सांगतो. माझं आजोळ चिंचपाडा. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यातलं एक. आजीच्या अंगणात मोगऱ्याचं जुनं झुडूप होतं. घर पाडायच्या आधी आईने त्याच्या दोन फांद्या कापून काळ्या पिशवीत लावल्या. एक मेली, एक जगली. आता ते अंगण नाही, घर नाही, त्या जागी धावपट्टीचा परिसर आहे. त्या अंगणातलं जिवंत असं आमच्याकडे हे एकच.

तर यंदा एप्रिलमध्ये त्याला भरपूर कळ्या लागल्या आणि दोन आठवड्यांत पानं पिवळी पडायला लागली. आई गावी गेली होती. मी म्हटलं, बीटेक झालोय, रोज दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो, एक झाड काय मोठंसं!

मी सर्च केलं. आता गंमत ऐका. 'फुलावर असताना पानं पिवळी' असं इंग्रजीत शोधलं की सगळ्यात तपशीलवार चार्ट कुणाचे मिळतात? परदेशात घरात गांजा लावणाऱ्यांचे! आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने विनापरवाना गांजा लावणं हा गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय तिथेच सोडा. पण चार्ट रंगीत होते, व्यवस्थित होते, मी ते मोगऱ्याला लावले. तिथे लिहिलेलं की फुलोऱ्याच्या शेवटी खालची पानं पिवळी पडणं नॉर्मल आहे. अरे, ते वर्षभरात संपणारं झाड! फुलं आली की त्याचं आयुष्य संपत येतं, ते जुन्या पानांतला नत्र खेचून फुलाला देतं. मोगरा हे वर्षानुवर्षं जगणारं, हिरवं राहणारं झुडूप. एखाददुसरं जुनं पान गळणं ठीक, पण अर्धं झाड पिवळं होणं त्याच्यासाठी नॉर्मल नाही. हे मला तेव्हा कळलं नाही. आठवडा असाच गेला.

मग घाबरून मी एकोणीस-एकोणीस-एकोणीस घातलं. पाकिटावर लिहिलेल्याच्या दुप्पट. तीन दिवसांनी एप्सम सॉल्ट. त्याच्या दुसऱ्या दिवशी लोहाचं औषध. ऑफिसमध्ये कुणी एकाच वेळी तीन बदल प्रॉडक्शनला टाकले तर मी त्याला ओरडतो. घरी स्वतः तेच केलं. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या आणि कळ्या न फुलताच गळायला लागल्या. रोज सकाळी कठड्यावर पाच-सहा कळ्या पडलेल्या.

आई आली. झाड बघितलं, बोलली काहीच नाही. फक्त म्हणाली, "कुंडी उचलून बघितलीस का रे?"

नव्हती बघितली. उचलली तर हलकी, खुळखुळ्यासारखी. सकाळीच पाणी घातलेलं असूनही! मी रोज बघत होतो की पाणी घातलं की लगेच खालून बाहेर येतं, आणि खूश होतो की निचरा छान आहे. निचरा कसला, पाणी मातीच्या गोळ्याच्या कडेने सरळ खाली पळत होतं. मधला भाग कोरडाच.

मग आम्ही कुंडी उपडी केली. पद्धत सांगतो, कारण इथेच लोक झाड ओढून मोडतात. आदल्या दिवशी पाणी घाला. खोड दोन बोटांच्या मध्ये येईल असा तळवा मातीवर ठेवा, कुंडी उलटी करा आणि तिचा काठ पायरीवर हलकेच आपटा. गोळा अख्खा हातात येतो.

आमच्या हातात काय आलं? काळी पिशवी. २०१९ मध्ये या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ते रोप कुंडीत मीच लावलं होतं, आणि आळस म्हणून पिशवीचा फक्त तळ कापून तसंच आत ठेवलं होतं. पिशवीच्या आत मुळं गोल गोल फिरून चटईसारखी विणली गेलेली. माती जवळजवळ शिल्लकच नाही. आई माझ्याकडे बघत होती. मी पिशवीकडे.

म्हणजे खत कमी नव्हतं. खत उचलायला आणि पाणी धरायला जागाच नव्हती.

आता तुमच्या झाडाचं. पान कुठलं पिवळं आहे ते आधी बघा. खालची जुनी पानं पूर्ण फिकट झाली असतील तर बहुधा नत्र कमी. जुनीच पानं, पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह; आणि बोअरचं जड पाणी वापरत असाल तर मातीत लोह असूनही झाडाला ते मिळत नाही. बादलीला पांढरा थर धरत असेल तर हा संशय धराच. पानावर बारीक ठिपके आणि मागे जाळी दिसली तर तो कोळी आहे, खताचा संबंध नाही.

पण मुळं कोंडली असली की यातलं सगळंच थोडं थोडं दिसतं. म्हणून चार्टच्या आधी कुंडी. हलकी असेल, माती अर्ध्या दिवसात सुकत असेल, खालच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील, तर मुळं कोंडलीत. उलट कुंडी जड, मातीला आंबूस वास आणि मुळं तपकिरी, लिबलिबीत असतील, तर पाणी जास्त झालंय. दोन्हीत पानं पिवळीच, उपाय मात्र उलटे.

कळ्या असताना मुळं छाटू नका. आम्ही पिशवी कात्रीने काढली, तळाची मुळं बोटांनी थोडी मोकळी केली, आणि आठ इंचांच्या कुंडीतून दहा इंचांच्या कुंडीत ठेवलं. थेट सोळा इंची घेऊ नका, मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओली राहते आणि सडते. कडेने माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट. मग कुंडी तशीच पाण्याच्या टबात ठेवली, मधला कोरडा गोळा भिजेपर्यंत. आठवडाभर कडक उन्हापासून दूर, आणि महिनाभर खत बंद. खत बंद हे मला सगळ्यात कठीण गेलं, हात शिवशिवतात हो!

उरलेल्यातल्याही बऱ्याच कळ्या गेल्या. पिवळी पानं परत हिरवी झाली नाहीत, ती गळलीच. बघायचं असतं ते नव्या पालवीकडे. ती मेच्या मध्यावर आली, हिरवी. बहर संपल्यावर, पाऊस लागला तेव्हा, आम्ही गोळ्याला धारदार सुरीने उभ्या चार चिरा दिल्या, गोल फिरलेली मुळं कापली आणि फांद्याही छाटल्या.

छाटलेल्या फांद्यांपैकी सहा आईने लावल्यात. या वेळी सगळी अंडी एका टोपलीत नाहीत: दोन आमच्याकडे, दोन मावशीकडे वडघरला, दोन शेजारच्या काकूंकडे. चार जगल्यात असं आजचं स्टेटस आहे. पिशव्यांवर मी मार्करने मोठ्ठं लिहिलंय, 'लावताना पिशवी काढणे'.

तुमच्या झाडाचा फोटो पाठवायचा असेल तर दोन पाठवा, एक पानाचा आणि एक कुंडीच्या तळाचा. भेटू पुढच्या भागात.