शुश्रूषा शिकवावी लागते



अंथरुणाला खिळलेला रुग्ण घरी परततो, तेव्हा तेथे मायेची वाण नसते. तरीही माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. साधारण दर दोन तासांनी कूस पालटावी, बसवूनच भरवावे, त्यानंतर अर्धा तास आडवे करू नये, हे घरच्यांना कोणी शिकवलेलेच नसते. चिघळलेली जखम मग त्याच रुग्णाला पुन्हा आपल्या दारी आणते. कधी फार उशिरा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, तेही घरी आजाऱ्याची काळजी वाहणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठीच. म्हणून रुग्णाला घरी पाठवण्यापूर्वी आप्तांच्या हातून ही कामे एकदा करवून घेणे, हा आपण उपचाराचाच भाग मानला पाहिजे.