वजनकाट्यावर न दिसणारा आजार

(महाविद्यालयीन समुपदेशक व प्राध्यापकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



गॅदरिंग जवळ आले की वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या उरू लागतात. कुणी दुपारी एकपर्यंत पाण्यावर राहते, कुणी काकडी आणि काळ्या कॉफीवर दिवस ढकलते. मुलांच्या खोल्यांत प्रोटीन पावडरचे डबे येतात आणि ताटातला भात हद्दपार होतो. कार्यक्रम पार पडला की बहुतेक जण पूर्वीसारखे जेवू लागतात. काहींना ते जमत नाही; खाण्याचा विकार त्यांना जडतो. आजचे भाषण त्यांच्यासाठी आहे.

ते का जमत नाही, याचे एक उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. जवळपास सहा महिने त्यांना गरजेच्या निम्मेच अन्न दिले गेले. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण खरा बदल मनात झाला. ही मुले तासन्‌तास पाककृतींची पुस्तके वाचू लागली. जेवण पुरवून पुरवून खात, ताटे चाटून साफ करत. चिडचिड वाढली, मैत्रीतला रस आटला, काही खोल नैराश्यात गेले. पुढे पोटभर अन्न मिळाल्यावरही काहींना कितीही खाल्ले तरी समाधान होईना.

यांच्यापैकी कुणालाही आधी मनाचा आजार नव्हता. उपासमारीनेच मनाचा ताबा घेतला. म्हणून ‘हट्ट सोड आणि नीट जेव’ हा उपदेश आजारी मुलीपर्यंत पोहोचत नाही. तिच्या उपचारात बोलण्याइतकेच महत्त्व पुन्हा नियमित जेवू लागण्याला आहे. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले फॉस्फेट घसरून जीवाला धोका होतो.

हा आजार मोबाइलने जन्माला घातलेला नाही. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने 1689 मध्येच असे दोन रुग्ण नोंदवले. त्यांतला एक सोळा वर्षांचा मुलगा होता. स्वतःला उपाशी ठेवण्याच्या या विकारासाठी ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव विल्यम गल यांनी 1870च्या दशकात रूढ केले. अनावर खाणे आणि मग ते उलटून टाकणे, या ‘बुलिमिया’चे नेमके वर्णन जेरल्ड रसेल यांनी 1979 मध्ये केले. अनावर खाण्याच्या विकाराला अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळायला 2013 उजाडले.

भोवतालच्या प्रतिमा मात्र आगीत तेल ओततात. फिजी बेटांवर भरलेल्या अंगाचे कौतुक असे. तिथल्या नद्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. संशोधक ॲन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी उलटी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती. दुसऱ्या पाहणीत त्यांचे प्रमाण 11.3 टक्के निघाले. तिथे एका वाहिनीने हे केले. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातला पडदा तर झोपेपर्यंत विझत नाही.

आपल्या घरातले बोलणेही कमी नाही. ‘गोरी, सडपातळ वधू पाहिजे’ हे वाचत आपल्या मुली मोठ्या होतात. सुट्टीत घरी आलेल्या मुलीला ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस!’ अशी शाबासकी मिळते. ती कशाने बारीक झाली, हे कुणी विचारत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. कमी खाण्याचे कौतुक आपण यांच्यासमोर करतो आहोत.

वजनाचा आकडाही फसवा आहे. उंची-वजनाच्या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव 1972 मध्ये दिले ते याच ॲन्सेल कीज यांनी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचा इंडेक्स 22.3 होता, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, तर युडकिन यांची 9.1 टक्के. शरीराच्या आतलेच जिथे हा आकडा सांगत नाही, तिथे मनातले काय सांगणार? बुलिमियाच्या कितीतरी रुग्णांचे वजन अगदी सर्वसाधारण असते.

मग ओळखायचे कसे? बोटे घशात घालून घालून मुठीच्या हाडांवर घट्टे पडतात. पुढच्या वरच्या दातांचे आतले आवरण आम्लाने झिजते. म्हणून ही गोष्ट कधीकधी दंतवैद्यालाच प्रथम कळते. जबड्याजवळच्या ग्रंथी सुजून गाल फुगतात. वारंवारच्या उलट्यांनी पोटॅशियम घटले तर हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही ओढवू शकतो.

ब्रिटनमधून 1999 मध्ये पुढे आलेले पाच प्रश्न समुपदेशकांच्या उपयोगाचे आहेत. पोट नको इतके भरले म्हणून उलटी काढतेस का? खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोहून जास्त वजन उतरले का? लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजतेस का? अन्नाने आयुष्य व्यापले आहे असे वाटते का? दोन उत्तरे ‘हो’ आली तर डॉक्टरांकडे पाठवावे. हे निदान नव्हे, सावध होण्याची खूण आहे. आणि हे प्रश्न मुलांनाही विचारावेत. दंड पुरेसे भरले नाहीत म्हणून जिममध्ये झुरणारा मुलगा आपल्या नजरेतून सहज सुटतो.

परिषदेपुढे तीन ठराव ठेवतो. आरोग्य शिबिरात सर्वांदेखत वजन करून आकडा मोठ्याने पुकारणे बंद व्हावे. मेसचालक, जिमचे ट्रेनर आणि क्रीडाशिक्षक यांना वर्षातून एकदा या लक्षणांची माहिती द्यावी. प्रत्येक महाविद्यालयाने मनोविकारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ यांच्याशी संपर्क आधीच बांधून ठेवावा आणि ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक वसतिगृहाच्या फलकावर लावावा. दुपारच्या सत्रात यांवर चर्चा आहे. तिची सुरुवात विद्यार्थी प्रतिनिधींनी करावी, अशी विनंती आहे.