पाणी चढण्याआधीची ओळख

संमेलनाच्या अध्यक्ष, व्यासपीठावरच्या मान्यवर पाहुण्या, आणि रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या, घाटावरून आणि गोव्याहून आलेल्या माझ्या उद्योजक मैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने चिपळूणमध्ये तुमचं सगळ्यांचं मनापासून स्वागत करते. कुणी रात्रीच्या गाडीने आलात, कुणी पहाटे कुंभार्ली घाट उतरलात, काहीजणी लहान मुलांना सोबत घेऊन आलात. घरचं आणि धंद्याचं दोन दिवसांचं सगळं मार्गी लावून निघायला काय करावं लागतं, ते इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणून तुमच्या येण्याचं आम्हाला फार मोल आहे.

आमचं गाव वाशिष्ठीच्या काठावरचं. इथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, आणि २०१३ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन याच गावात भरलं होतं. त्या वाचनालयात २००५ च्या पुराचं पाणी शिरलं आणि २०२१ च्याही. दोन्ही वेळा ते पुन्हा उभं राहिलं. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणी कोळकेवाडीमार्गे आमच्याच नदीत येतं, खालून खाडीची भरती चढते आणि वरून जुलैचा पाऊस कोसळत असतो. ही तिन्ही पाणी एकाच रात्री भेटली की बाजारपेठेचं काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. अचानक येणाऱ्या बदलांबद्दल बोलायला हे संमेलन चिपळूणला भरावं, असा आग्रह आम्ही धरला तो यासाठीच.

कोकणातल्या छोट्या उद्योजक बाईने २०२० पासूनच्या दोन वर्षांत काय काय सोसलं, ते एकदा एका दमात सांगते. मार्च २०२० मध्ये, ऐन आंब्याच्या तोंडावर टाळेबंदी. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ; श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ज्यांचा सुपारीचा धंदा होता त्यांचं त्या वर्षाचं पीक तर गेलंच, पण नवी पोफळ धरायला लागणारी वर्षंही गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ. २२ जुलैला आमचा पूर. आणि त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. शहरातल्या माणसाला यातला एसटीचा संप बाकीच्यांपेक्षा किरकोळ वाटेल. पण आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाचे पापड एसटीच्या पार्सलने मुंबईला पाठवणाऱ्या बाईला विचारा. तिचा माल तयार होता, गिऱ्हाईक तयार होतं, मधली गाडी मात्र नव्हती.

माझा धंदा मसाल्यांचा आणि मोदकांच्या पिठीचा. पूर आला तेव्हा गणपतीला सात आठवडे उरले होते. तांदूळ भरून ठेवलेला होता. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर पोती फुगून उसवलेली, कांडपाच्या मोटारीत चिखल, आणि भिजलेल्या मिरचीचा असा उग्र दर्प की दारात उभं राहवेना. मोटार रिवाइंडिंगला टाकायची, तर गावातल्या प्रत्येक गिरणीवाल्याची मोटार त्याच रांगेत. एक वस्तू मात्र वाचली. माळ्यावर ठेवलेली ऑर्डरींची वही. तिच्यात मुंबई-पुण्याची नावं होती, कुणाला किती किलो पिठी हवी ते लिहिलेलं होतं, काहींचा आगाऊ पैसा घेतलेला होता.

गुहागरच्या वाटेवर, उंचावरच्या एका वाडीत माझी एक मैत्रीण पिठाची गिरणी चालवते. आमची ओळख एका प्रदर्शनात शेजारी-शेजारी स्टॉल लागल्यामुळे झाली होती. मग मधूनमधून फोन, कधी तिला पाकिटं कमी पडली तर माझ्याकडून, मला नाचणी हवी तर तिच्याकडून. रस्ता खुला झाल्यावर ती आली, चिखलात माझ्याबरोबर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, वही दे. दळण माझ्याकडे करूया."

इथवरची गोष्ट ऐकायला चांगली वाटते. पण त्यानंतर आम्ही दोघी उलट्या ठेवलेल्या क्रेटांवर बसलो आणि जे बोललो, ते मला आज तुमच्यासमोर ठेवायचं आहे. किलोमागे दळणावळ किती? तांदूळ कुणी धुवायचा, सावलीत कुणी वाळवायचा? पीठ बिघडलं तर नुकसान कुणाचं? पाकिटावर नोंदणी क्रमांक कुणाचा? माल तिच्याकडे तयार होणार म्हणजे तिचाही क्रमांक छापायला हवा. आणि सगळ्यात अवघड प्रश्न, गिऱ्हाईक कुणाचं? एकदा वही दिली की गिऱ्हाइकांची नावं गेली, ही भीती आपल्यापैकी प्रत्येकीच्या मनात असते, आणि ती खोटी नाही. आम्ही ते वहीच्या एका पानावर लिहून काढलं. ही गिऱ्हाइकं माझी. त्यांच्यापैकी कुणी पुढे तिच्याकडे नाचणीचं पीठ मागितलं तर ते तिचं. दोघींनी खाली सह्या केल्या. मैत्रिणीकडून सही घेताना जीभ जड होते. पण त्या पानामुळेच पुढे आमच्यात कधी मनात काही राहिलं नाही. गणपतीच्या आधी पिठी पोचली.

आपले बचत गट ही महाराष्ट्रातल्या बायकांची फार मोठी कमाई आहे. १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, आणि गेल्या दशकापासून उमेद अभियान, गावोगाव त्यासाठी खपत आलं आहे. तरी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपला गट बहुतेक वेळा एकाच आळीतला, एकाच वाडीतला असतो. रोजच्या व्यवहाराला ते बरं पडतं. हप्ता गोळा होतो, एकमेकींवर लक्ष राहतं. पण पूर आला की त्या आळीतल्या दहाही जणींच्या घरात पाणी असतं. कुणी कुणाला उसनं द्यायचं?

मुंबईच्या गिरणगावात हेच वेगळ्या तऱ्हेने घडलं, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे, कारण त्या गिरण्यांत आपल्या कोकणातले हजारो पुरुष होते. ते जेवायचे खाणावळवाल्या बायकांकडे, महिनाभर उधारीवर. पगार झाला की पैसे. तोवर किराण्यासाठी बाई सावकाराच्या दारात. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात गोळी झेललेल्या. गोव्याहून आलेल्या मैत्रिणींना हे मुद्दाम सांगते. खाणावळवाल्यांनी गट केले, एकमेकींना जामीन राहिल्या, राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवलं, सावकाराचा फास सैल झाला. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, कितीतरी जण गावाकडे परतले. ज्या बाईच्या पंक्तीला फक्त गिरणीतलीच माणसं होती, तिच्याकडे थकलेल्या उधारीशिवाय काही उरलं नाही. मंडळाने पुढे बाहेरच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या, बायकांसाठी इतर कामं उभी केली. गिरणीच्या पगारावर न चालणारं गिऱ्हाईक मिळवणं हाच त्यावरचा उपाय होता.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. आपल्या धंद्यातल्या ओळखी आपल्या आळीबाहेरच्या, आपल्या नदीबाहेरच्या, आपल्या धंद्याबाहेरच्याही असाव्यात. चिपळूणच्या मसालेवालीला उंचावरच्या वाडीतली, कराडची, पणजीची एक तरी जोडीदारीण हवी. आणि ती ओळख संकटाच्या आधी व्यवहारात मुरलेली हवी. पाणी दारात आल्यावर नवा माणूस शोधता येत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात पावसाने आपल्याला असंच गाठलं. मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, आणि आपल्याकडे तर त्याच्या आधीपासूनच सरी सुरू होत्या. अंगणात आमसुलं, आंबापोळी, साठं, पापड, सगळं उघड्यावर. मला तेव्हा लिज्जतची सुरुवात आठवली. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद पडलं, कारण वाळवायला ऊन नाही. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली पेटलेला स्टोव्ह. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट अशी, की चार महिने कमाई बंद असताना त्या बायका फुटल्या नाहीत. आज आपल्यातल्या काही गटांकडे सौर वाळवणयंत्रं आहेत, आणि ती बारा महिने भरलेली नसतात. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी भाड्याचा दर सांगावा. फुकट नको. फुकट घेतलेली वस्तू दुसऱ्यांदा मागायला संकोच वाटतो.

कागदपत्रांबद्दल थोडं बोलते, कारण पुरानंतर आमच्यातल्या पुष्कळ जणींना याचाच चटका बसला. मदत जाहीर झाली ती दुकानदारांना, टपरीधारकांना. ज्या बाईचा धंदा घराच्या मागच्या पडवीत होता, तिच्या पंचनाम्यात शेवयांचं यंत्र आणि भरलेले डबे "घरगुती साहित्य" म्हणून लिहिले गेले. तो धंदा आहे हे सांगणारा एकही कागद तिच्याकडे नव्हता. उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. यंत्राची पावती, त्याचा फोटो, मालाची नोंदवही नात्यातल्या कुणाच्या तरी फोनवर, दुसऱ्या गावी पाठवून ठेवा. विमा उतरवताना पूर त्यात धरला आहे की नाही ते वाचून घ्या, आणि मालाचाही विमा आहे की फक्त भिंतींचा, तेही विचारा. मोठ्या दुकानांना माल देणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. हे पहिल्या ऑर्डरीच्या वेळीच सांगावं.

जेवणानंतर आज भाषणं ठेवलेली नाहीत. सभागृहात टेबलं मांडली आहेत आणि एका टेबलावर एकाच तालुक्याच्या, एकाच धंद्याच्या दोघी येणार नाहीत अशी बसण्याची व्यवस्था केली आहे. मैत्रिणीपासून दूर बसवलं म्हणून आमच्या कार्यकर्त्या मुलींवर रागावू नका. प्रत्येकीला एक कोरा तक्ता मिळेल. त्यात आपल्याकडचं यंत्र, ते आठवड्यातून किती वेळ रिकामं असतं, गाडी आहे का, जागा उंचावर आहे की सखल, आणि आपलं काम अडलं तर काय लागेल, एवढं लिहायचं. संध्याकाळपर्यंत टेबलावरच्या निदान एकीशी दर आणि अटी ठरवून ते पान दोघींनी जवळ ठेवायचं आहे. लिहिताना अडचण असेल तिच्याजवळ कॉलेजच्या मुली बसतील.

टेबलाचा क्रमांक तुमच्या बिल्ल्याच्या मागे आहे. जेवण एक वाजता, मागच्या मांडवात. राहण्याची काही गैरसोय असेल तर चौकशीच्या टेबलाशी सांगा, लगेच पाहू. संमेलनाच्या अध्यक्षांनी दीपप्रज्वलनासाठी पुढे यावं, अशी मी त्यांना विनंती करते.