मोजणारा नको, पाहणारा हवा



मे महिन्याची सुट्टी आणि गावची विहीर ही जोडी तुमच्यापैकी अनेकांच्या आठवणीत असेल. आधी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकायचे, मग मुटका, मग सूर. हे सगळे जमले की शेवटची परीक्षा. पायरीला धरून पाण्याखाली बसायचे आणि दम धरायचा. काठावरची पोरे मोठ्याने आकडे मोजायची.

आमच्यातला सर्वांत तयार पोहणारा एकदा भराभर पंधरा-वीस खोल श्वास घेऊन खाली गेला. शंभर झाले, एकशेवीस झाले. आम्ही टाळ्या पिटत होतो. पंप सुरू करायला आलेले माझे चाचा ओरडले, ‘अरे, हात सुटलाय त्याचा!’ आणि त्यांनी कपड्यांसकट उडी टाकली. बाहेर काढला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. चाचांनी तोंडाने श्वास दिला. तो खोकला, त्याने डोळे उघडले आणि विचारले, ‘किती झाले?’

आपण बेशुद्ध पडलो होतो, हे त्याला ठाऊकच नव्हते. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा तो मरणाच्या दारात होता.

असे का होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. श्वास कोंडला की जीव कासावीस होतो, तो मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. ती शरीराची धोक्याची घंटा. भराभर खोल श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच त्याने जवळजवळ भरलेले असते. कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. म्हणजे शिदोरी तेवढीच राहते आणि घंटा मुकी होते. मग माणूस ना धडपडत, ना हाक मारत, गुपचूप शुद्ध हरपतो. त्याला कमरेएवढे पाणीही पुरते.

खोल समुद्रात आणखी एक फसगत असते. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे उरलासुरला ऑक्सिजनही रक्तात शिरतो. वर येताना शेवटच्या दहा मीटरांत हा दाब निम्मा होतो आणि उजेड दिसू लागलेला असतानाच शुद्ध जाते. म्हणूनच स्पर्धांमध्ये वर येणाऱ्या पाणबुड्याला अर्ध्या वाटेवर गाठायला सोबती खाली जातात. रशियाच्या नतालिया मोल्चानोव्हा यांनी २०१३ साली ९ मिनिटे २ सेकंद श्वास रोखून विक्रम केला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये स्पेनजवळच्या समुद्रात त्यांनी बुडी मारली, ती कायमचीच. नेमके काय घडले ते कळले नाही. पाणी कुणाचा विक्रम विचारत नाही, एवढे खरे.

म्हणून पालकांनो, दम धरण्याची पैज मुलांना लावू देऊ नका. ज्यांना हा छंद शिकायचाच आहे, त्यांनी जाणत्या शिक्षकाकडे शिकावा. एकटे कधीच उतरू नये, आधी भराभर श्वास घेऊ नयेत, दोन बुड्यांमध्ये भरपूर विसावा घ्यावा. सोबत्याने, वर आलेल्या माणसावरची नजर निदान अर्धा मिनिट हटवू नये.

कुणी शुद्ध हरपलाच, तर आधी तोंड पाण्याबाहेर काढा. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा आणि १०८ क्रमांकावर फोन करा. उलटे टांगण्यात, पोट दाबण्यात वेळ घालवू नका.

त्या दिवशी विहिरीवर मोजणारे आम्ही दहा जण होतो. पाहणारा एकच होता.