देहसुख आणि संत ऑगस्टीन

ख्रिस्ती धर्म देहसुखाचा वैरी, असे आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. वास्तविक बायबलच्या जुन्या करारातच ‘गीतरत्न’ हे प्रणयकाव्य आहे. मग हा संकोच आला कोठून? त्याचे एक मोठे मूळ संत ऑगस्टीन (इ. स. ३५४–४३०) यांच्यापाशी सापडते. तारुण्यात ते एका स्त्रीसमवेत अनेक वर्षे राहिले. तिच्यापासून त्यांना पुत्र झाला. अन्यत्र विवाह ठरताच तिला आफ्रिकेस परतावे लागले. आत्मकथनात तिच्या वियोगाची वेदना आहे, तिचे नाव मात्र नाही! पुढे बिशप झाल्यावर त्यांनी मांडले, विवाह चांगलाच. परंतु आदिपापामुळे वासना विकृत झाली. पाश्चात्त्य चर्चने हा विचार शतकानुशतके वाहिला. १९७९ ते १९८४ या काळात पोप जॉन पॉल द्वितीय यांनी व्याख्यानमालेतून देहाचे मांगल्य सांगितले. कृत्रिम संततिनियमनाचा १९६८चा निषेध मात्र त्यांनीही कायम ठेवला.