जॉब बदललाय? पीएफ काढायच्या आधी हे ऐका

आजचा विषय एकाच आठवड्यात तीन जणांनी विचारला, म्हणून घेतोय. प्रश्न साधारण असा: "पुण्यात जॉब बदलला, जुन्या कंपनीचा पीएफ दोन लाख आहे, काढू का?" मागचं कारण बहुतेक वेळा बुलेटचं डाउन पेमेंट.

माझं उत्तर: काढू नका, ट्रान्सफर करा.

आधी हिशोब बघू. 72 ला व्याजदरानं भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते साधारण कळतं. पीएफला 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षी 8.25 टक्के व्याज होतं. आपण 8 धरू, म्हणजे 9 वर्षांत दुप्पट. आज तुम्ही 24 वर्षांचे असाल, तर हेच दोन लाख 33 व्या वर्षी चार, 42 व्या वर्षी आठ, 51 व्या वर्षी सोळा आणि 60 व्या वर्षी बत्तीस लाख. नवा एक रुपया न टाकता.

पण थांबा, लगेच हुरळून जाऊ नका. महागाई 6 टक्के धरली तर भाव 12 वर्षांत दुप्पट होतात. आज 100 रुपयांना मिळणारी मिसळ 36 वर्षांनी 800 ला. म्हणजे त्या बत्तीस लाखांत आजच्या चार लाखांएवढीच खरेदी होणार. 'करोडपती व्हा' म्हणणारे रीलवाले हा दुसरा हिशोब कधीच सांगत नाहीत, डोकं फिरतं माझं! तरीपण बघा, महागाई पचवून पैसे दुप्पट झाले, तेही शेअर बाजाराची जोखीम न घेता.

दुसरी गोष्ट टॅक्सची. सलग पाच वर्षं व्हायच्या आत पीएफ काढला तर त्यावर टॅक्स लागतो. ट्रान्सफर केला तर आधीच्या कंपनीची वर्षंही त्या पाचात धरली जातात.

तिसरी गोष्ट कुणी बघतच नाही. पासबुकात पेन्शनचा रकाना असतो. तिथं दरमहा 1,250 किंवा त्याच्या आसपास रक्कम जात असेल, तर तुम्ही पेन्शन योजनेत आहात. सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि बेसिक 15,000 च्या वर असलेल्यांना ही योजना नाही, त्यांचा रकाना रिकामा दिसेल. योजनेत असाल तर 58 व्या वर्षी पेन्शन मिळायला एकूण 10 वर्षांची नोकरी लागते. मधेच पेन्शनचेही पैसे काढले, की मोजणी परत शून्यापासून.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं हेच झालं. उद्यमनगरात तीसेक वर्षं लेथवर काम. दर वेळी कारखाना बदलला की सगळा हिशोब काढून घ्यायचा. एकदा बहिणीचं लग्न, एकदा घराचा स्लॅब. कारणं खरीच होती, त्यांना नावं ठेवायचा विषयच नाही. पण आज वयाच्या 64 व्या वर्षी ते एका अपार्टमेंटमध्ये रात्रपाळीला वॉचमन आहेत. सलग 10 वर्षं कुठंच भरली नाहीत, त्यामुळं पेन्शन नाही.

म्हणून अडीनडीचा पैसा वेगळा ठेवा. निदान सहा महिन्यांचा खर्च बँकेत एफडीत. आपल्याकडं पतसंस्था जादा व्याज देतात, पण एक लक्षात घ्या: 5 लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या; पतसंस्थेला ते नाही. आणि भिशी? मजेशीर प्रकार आहे, दिवाळीला गुजरीत सोनं घ्यायला चालेल. म्हातारपण तिच्यावर सोडू नका.

एकट्या पीएफवरही भागणार नाही हे मिसळीच्या हिशोबात दिसलंच. शेजारी इंडेक्स फंडाची एसआयपी लावा, दोन-तीन हजारांची का असेना. बाजार पडेल, वर्ष-दोन वर्षं आकडा लाल दिसेल. तीस वर्षं हातात असताना तेवढं सोसतं.

आता आज रात्रीचं काम. यूएएननं लॉगिन करा. नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणंच आहे का बघा, ट्रान्सफर बऱ्याचदा तिथंच अडकतं. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. मग ऑनलाइन ट्रान्सफरचा अर्ज करा. 'पीएफ काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटला ओटीपी देऊ नका. कुठं अडलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात तेच घेऊ.