इतर हक्कातली आजी

(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील बैठकीतलं भाषण)



वेळा अमावस्येला आमच्या घरचे पुरुष काळ्या आईपुढं हात जोडत. ज्वारी खुडायला मात्र आजी! 'बाईला शेतीतलं काय कळतं?' म्हणत आजोबा बियाणं तिच्याकडूनच निवडून घेत.

एम.एस.डब्ल्यू. करताना मी पहिल्यांदा आमचा सातबारा वाचला. भोगवटादार काका, आजी 'इतर हक्क' रकान्यात, सोसायटीच्या कर्जाखाली. 'बोजाच की गं मी,' म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलाइतकाच हक्क कायद्यानं महाराष्ट्रात १९९४ साली दिला, देशभर २००५ साली. परवा दादा हक्कसोडपत्र घेऊन आला, सोबत साडी. ती नेसूनच आज आलेय. सही केलेली नाही.